उतरणीचे मासे

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की कोकणातल्या ओढ्यानाल्यांतून मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू लागतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, कुठे वलगणीचे म्हणतात. पावसाळा सरताना खाली उतरणाऱ्या पिल्लांना मात्र असा रुळलेला शब्द माझ्या तरी कानावर कधी आला नाही. चढणारा मासा दिसतो, पकडता येतो, कढईत जातो. उतरणारं पिल्लू बोटाएवढं असतं आणि गढूळ पाण्यातून कोणाच्या नजरेस न पडता निघून जातं. जलविद्युत केंद्रांच्या यंत्रांशी माझा संबंध पोटापाण्यासाठी आला, आणि त्या निमित्ताने अमेरिकेच्या वायव्येकडच्या कोलंबिया आणि स्नेक या नद्यांच्या व्यवहारात अनेक वर्षं डोकं घालावं लागलं. तिथेही अडचण हीच होती. सॅमन मासा समुद्रातून वर चढतो, ही गोष्ट धरणं बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्याची पोरं त्याच वाटेने खाली उतरतात, हेही ठाऊक होतं. पण ते ध्यानात घ्यायला फार उशीर झाला. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. आम्ही यंत्रवाले लोक धरणागणिक, टर्बाइनगणिक हिशेब मांडतो आणि तो हिशेब खोटा नसतो. पण मासा एका धरणाचा प्रवास करत नाही, तो अख्ख्या नदीचा करतो. मोजमापाचं एकक चुकलं की खरे आकडेही दिशाभूल करतात.

आधी माशाविषयी थोडं. आपल्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून खपवतात, त्या रावसाचा या माशाशी काही संबंध नाही. पॅसिफिकच्या सॅमनमध्ये चिनूक, सॉकाय, कोहो अशा जाती येतात, आणि त्यांच्याच गोत्रातला स्टीलहेडही. मादी डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यात गारगोट्यांच्या थरात अंडी घालते; चिनूकची मादी चार-पाच हजारांपर्यंत. पिल्लं काही महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ गोड्या पाण्यात काढतात. मग वसंतात बर्फ वितळून नदीला लोंढा आला की त्यांच्या अंगात एक बदल सुरू होतो. अंगावरचे गडद पट्टे जाऊन रंग चंदेरी होतो, कल्ले आणि मूत्रपिंडं खाऱ्या पाण्याची तयारी करू लागतात. या अवस्थेतल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. हा बदल कायमचा नसतो, त्याला मुदत असते. मुदतीत समुद्र गाठला तर ठीक, नाहीतर शरीर माघार घेऊ लागतं. आणि पोहण्याची मेहनत स्मोल्ट फारशी करत नाही. पुष्कळदा शेपूट पुढे आणि तोंड वरच्या बाजूला अशा अवस्थेत, लोंढ्याच्या खांद्यावर बसून तो खाली जातो. म्हणजे स्मोल्टच्या प्रवासाचं इंजिन नदीचा वेग हेच आहे. हे वाक्य मी मुद्दाम जपून लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता धरणं. आयडाहोतल्या लुइस्टन गावापासून समुद्र नदीच्या वाटेने सुमारे ७५० किलोमीटर आहे, आणि त्या वाटेवर आठ मोठी सरकारी धरणं आहेत. स्नेकवर लोअर ग्रॅनाइट, लिटल गूज, लोअर मॉन्युमेंटल आणि आइस हार्बर. मग कोलंबियावर मॅकनेरी, जॉन डे, द डॅलस आणि बॉनव्हिल. सर्वांत जुनं बॉनव्हिल, १९३८ चं. सर्वांत नवं लोअर ग्रॅनाइट, १९७५ चं. या आठही ठिकाणी चढणाऱ्या माशांसाठी जिने आहेत. पायरी-पायरीने पाणी सोडलेले हे जिने आज पर्यटकांचं आकर्षण आहेत. काचेमागून मोठाले चिनूक जाताना बघायला शाळांच्या सहली येतात. जिथे जिना बांधलाच नाही, त्या ठिकाणांचा निकाल तिथल्या तिथे लागला. ग्रँड कूली धरणाने कोलंबियाचा वरचा सगळा मुलूख सॅमनला बंद केला, आणि स्नेकवर हेल्स कॅन्यनच्या तीन धरणांनी तसंच केलं. पण जिथे जिना आहे तिथे प्रश्न सुटला, अशी समजूत झाली, आणि ती समजूत जास्त महागात पडली. उतरणाऱ्या पिल्लांसाठी बॉनव्हिलला काही लहान वाटा ठेवल्या होत्या, परंतु टर्बाइनमधून जाणाऱ्यांचं फारसं बिघडत नाही, असा सूर होता. हार्लन होम्स या मत्स्यशास्त्रज्ञाने तिथेच पिल्लांवर खुणा करून, ती सोडून, परत येणाऱ्यांची मोजदाद केली. टर्बाइनच्या वाटेने दहा टक्क्यांहून अधिक पिल्लं मरतात, असं त्याला दिसलं. तोवर पुढच्या धरणांची आखणी रांगेत उभी होती. या घटनेकडे मी खलनायकी म्हणून पाहत नाही. एका धरणावर दहा टक्के, हा आकडा कोणाही अभियंत्याला परवडण्यासारखाच वाटतो.

टर्बाइनच्या आत नेमकं काय होतं, हे सांगताना लोक मिक्सरची उपमा देतात. ती चुकीची आहे. या धरणांवर बहुतेक कॅप्लान टर्बाइन आहेत, म्हणजे जहाजाच्या पंख्यासारखी पाच-सहा रुंद पाती असलेलं, सात-आठ मीटर व्यासाचं चक्र. ते मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे घेतं. ऐकायला हे संथ वाटतं, पण एवढ्या व्यासामुळे पात्याच्या टोकाचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. तरीही दोन पात्यांमधली जागा ऐसपैस असते आणि बोटाएवढं पिल्लू बहुतेक वेळा पात्याला न लागता पार होतं. इजा होते ती वेगवेगळ्या वाटांनी. काहींना पात्याचा फटका बसतो. काही पातं आणि बाहेरचं कडं यांच्यामधल्या फटीत सापडतात. वेगवान आणि मंद पाण्याच्या शिवेवर काहींची कल्ल्यांची झाकणं उलटतात. आणि सर्वांत फसवी इजा दाबाची. पिल्लू पृष्ठभागालगत पोहत असतं. टर्बाइनच्या तोंडाशी ते वीसेक मीटर खाली ओढलं जातं, तिथे दाब जवळपास तिप्पट होतो. आणि चक्र ओलांडताना पात्याच्या मागच्या अंगाला तो क्षणाच्या एका तुकड्यात हवेच्या दाबाइतका किंवा त्याच्याही खाली कोसळतो. पिल्लाच्या पोटात पोहण्यासाठी हवेची पिशवी असते. बॉईलचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला आहे: दाब निम्मा झाला की हवा दुप्पट जागा मागते. पिशवी फाटते, डोळे बाहेर येतात, रक्तात बुडबुडे होतात. अंगावर ओरखडाही नसलेलं पिल्लू अशा रीतीने मरतं. आणि जे मरत नाही ते गरगरलेल्या अवस्थेत धरणाच्या पायथ्याच्या फेसाळ पाण्यात वर येतं, जिथे गल पक्षी आणि पाइकमिनो नावाचे शिकारी मासे वाटच पाहत असतात. तो मृत्यू कोणाच्या खात्यावर टाकायचा, यावर आमच्या धंद्यात कित्येक तास वाद झालेले आहेत.

या बाबतीत अभियंत्यांनी जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. पिल्लाला फुग्याची खूण बांधून टर्बाइनमध्ये सोडायचं, पलीकडे फुगा फुगला की उचलून तपासायचं, अशी पद्धत निघाली. पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने ‘सेन्सर फिश’ बनवला: जेमतेम नऊ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची कांडी, जी सेकंदाला दोन हजारांहून अधिक वेळा दाब, धक्का आणि गिरकी नोंदवते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काचेत बंद केलेली पिट टॅग पिल्लाच्या पोटात बसवून त्याला आयुष्यभराचा क्रमांक देण्याची सोय १९८७ पासून या खोऱ्यात आली. त्यातून कळलेल्या गोष्टींवरून यंत्रं बदलली. बॉनव्हिलला पाती आणि मधला गोळा यांतल्या फटी बुजवलेली चक्रं बसली. आइस हार्बरला दाबाची घसरण सौम्य व्हावी म्हणून नव्याने घडवलेलं चक्र आलं, त्यातून जिवंत पार होणाऱ्या पिल्लांचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास मोजलं गेलं. स्थलांतराच्या हंगामात यंत्रं सर्वोच्च कार्यक्षमतेच्या एक टक्क्याच्या आत चालवायची, असा दंडकही घातला गेला. (सर्वोच्च कार्यक्षमतेचा बिंदू आणि माशाला सर्वांत सुखाचा बिंदू एकच असतो, हे गृहीतक पुढे तितकंसं खरं ठरलं नाही, पण सुरुवात म्हणून ते वाईट नव्हतं.) कोणत्याही कसोटीवर हे उत्तम अभियांत्रिकी आहे. मग मासे परत का येत नाहीत?

पहिलं उत्तर चक्रवाढीचं. सरकारने २००८ मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट असं होतं की वसंतात उतरणाऱ्या पिल्लांपैकी ९६ टक्के प्रत्येक धरणातून जिवंत पार झाली पाहिजेत. शंभरपैकी शहाण्णव म्हणजे पेपरात नाव छापून येण्याजोगे गुण. पण ९६ टक्के आठ वेळा गुणले की ७२ उरतात. धरण आणि त्याच्यामागचा फुगवटा मिळून ९२ टक्के धरले, तर आठ वेळांनंतर ५१ उरतात. आणि लोअर ग्रॅनाइटपासून बॉनव्हिलपर्यंत चिनूकच्या वर्षभराच्या पिल्लांचं जे प्रमाण अलीकडच्या काळात दिसत आलं आहे, ते निम्म्याच्या आसपासच आहे. म्हणजे आठांपैकी प्रत्येक केंद्राचा प्रमुख आपल्या जागी समाधानाने सांगू शकतो की माझ्याकडे शंभरातली आठच गेली, आणि ते सगळे खरं बोलत असतील. तरी नदीने निम्मी गमावलेली असतात. कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. आम्हाला ते समजायला वेळ लागला, कारण प्रत्येक धरणाची मंजुरी वेगळी, अंदाजपत्रक वेगळं आणि अहवालही वेगळा.

दुसरं उत्तर काळाचं, आणि माझ्या मते तेच मोठं. टर्बाइनभोवती इतकी चर्चा झाली की फुगवटा विसरला गेला. लुइस्टनपासून बॉनव्हिलपर्यंत एका धरणाचं पाणी वरच्या धरणाच्या पायथ्याला टेकतं, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटर नदीच्या जागी तळ्यांची माळ आहे. वर सांगितलं तसं स्मोल्ट लोंढ्यावर बसून जातो. इथे लोंढाच उरलेला नाही. त्यात वरच्या साठवण धरणांनी आणखी एक गोष्ट केली. १९६४ मध्ये अमलात आलेल्या कोलंबिया नदी करारानंतर कॅनडात मोठे जलाशय झाले आणि वसंताचा पूर अडवून तो हिवाळ्यातल्या विजेच्या मागणीसाठी जपून ठेवता येऊ लागला. पूर नियंत्रणाच्या दृष्टीने हे उत्तमच. परंतु स्मोल्टच्या गाडीचं वेळापत्रक त्या पुरावर बांधलेलं होतं. धरणांपूर्वीच्या मानाने त्याच्या प्रवासाला आता दुपटीच्या आसपास वेळ लागतो. तेवढे दिवस तो उबदार होत जाणाऱ्या संथ पाण्यात, शिकाऱ्यांच्या तोंडासमोर काढतो, साठवलेली चरबी जाळतो, आणि खाऱ्या पाण्यासाठी झालेली शरीराची तयारी कमी-कमी होत जाते. समुद्रात वसंतातल्या वाऱ्यांमुळे तळाचं थंड, पोषक पाणी वर येऊन अन्नाची जी सुगी होते, तिला ठराविक हंगाम असतो. लवकर पोचलेली पिल्लं जास्त प्रमाणात परत येतात, हे टॅगांच्या नोंदींतून दिसलेलं आहे. आता हा तोटा कोणत्या टर्बाइनच्या नावावर लिहायचा? कोणत्याच नाही. चक्रातून ९८ टक्के पिल्लं सुखरूप पार झाल्याचा दाखला खिशात घेऊन मासा पंधरा दिवस उशिरा समुद्रावर पोचतो.

मधल्या काळात जे उपाय झाले त्यांची हकीकत शिकण्यासारखी आहे, कारण प्रत्येक उपायाने एक अडचण सोडवताना दुसरी उभी केली. टर्बाइन टाळायचं तर सांडव्यावरून पाणी सोडा, हे साधं उत्तर. पण सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवा घेऊन खोल जातं, तिथल्या दाबाखाली ती विरघळते आणि पाण्यात नायट्रोजनचं प्रमाण मर्यादेबाहेर जातं. १९६८ मध्ये जॉन डे धरण भरलं तेव्हा तिथली टर्बाइनं तयार नव्हती, सगळा विसर्ग सांडव्यावरून गेला आणि खाली माशांच्या अंगात बुडबुडे होऊन ते मोठ्या संख्येने मेले. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, फक्त बाटलीच्या जागी जिवंत प्राणी. पुढे सांडव्यांच्या पायथ्याशी पाण्याला आडवं वळवणारे ओठ बसवले आणि हा त्रास बराच आटोक्यात आला. दुसरा उपाय पडद्यांचा: टर्बाइनच्या तोंडात जाळीचे मोठे पडदे उतरवायचे, पिल्लांना वर वळवायचं आणि बगलेच्या कालव्यातून खाली न्यायचं. तिसरा उपाय ऐकून मराठी माणूस हसेल: पिल्लं गोळा करून बार्जमध्ये भरायची आणि आठही धरणं ओलांडून बॉनव्हिलच्या खाली सोडायची. म्हणजे नदीतून माशांना बोटीने प्रवास. ही धरणं चालवणाऱ्या आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्सने हे १९७० च्या दशकापासून केलं, कोट्यवधी पिल्लं अशी नेली. बार्जमध्ये मरणारी पिल्लं फार थोडी; कागदावर हा सर्वांत यशस्वी मार्ग. पण नदीची ओळख वाटेवर होत जाते, ती या पिल्लांना झालीच नाही, आणि त्यातली पुष्कळशी मोठी होऊन परतताना भलत्याच उपनद्यांत शिरली. शिवाय बार्जमधून उतरल्यानंतर समुद्रात त्यांची गळती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. प्रवासात वाचलेला मासा आणि परत आलेला मासा यांत फरक आहे, हे आमच्या धंद्याला खऱ्या अर्थाने बार्जने शिकवलं.

सर्वांत समजूतदार उपाय मात्र माशाच्या सवयीकडे बघून निघाला. पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात चालतात. सांडव्याचे जुने दरवाजे खालून उघडतात, म्हणजे बाहेर पडायला पिल्लाला पंधराएक मीटर बुडी मारावी लागते. ती मारायची की नाही, या संभ्रमात ती धरणापुढे घुटमळत राहतात. कोलंबियावरच्याच, पण या आठांबाहेरच्या वेल्स धरणावर सांडवा आणि टर्बाइन एकावर एक असल्याने अगदी थोड्या पाण्यात बहुसंख्य पिल्लं वरून पार होतात, हे दिसलं होतं. त्यावरून लोअर ग्रॅनाइटला २००१ मध्ये सांडव्याच्या एका दरवाजात वरून वाहणारी उंच बांधबैठक बसवली, आणि पुढे इतर धरणांवरही तसंच झालं. पिल्लांचा खोळंबा कमी झाला. असं काही पाहिलं की वाटतं, सुरुवातीलाच कोणी पाण्याकाठी बसून मासा कसा चालतो हे निवांत बघितलं असतं तर!

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की हजारो अंड्यांतून दोनच मासे परतले तरी वंश टिकतो, निसर्ग स्वतःच बाकीच्यांना मारतो, मग धरणाने मारलेल्यांचं एवढं काय? उत्तर असं की निसर्गाची मोठी चाळणी स्मोल्ट होण्याआधी लागते. स्मोल्ट हा त्या चाळणीतून उरलेला दाणा आहे. उतरलेल्या शंभर स्मोल्टमागे निदान दोन तरी परतले पाहिजेत, आणि वंश सावरायचा तर सरासरी चार, असं तिथल्या वीज आणि मत्स्य नियोजन परिषदेचं उद्दिष्ट आहे. स्नेकच्या रानटी चिनूकचं प्रमाण बहुतेक वर्षी दोनच्या खाली आणि पुष्कळदा एकच्याही खाली राहिलं आहे. जिथे दोन आणि चार यांवर जीवनमरण ठरतं, तिथे निम्मा हिस्सा वाटेत गमावणं ही किरकोळ बाब नव्हे.

दुसरा आक्षेप समुद्राचा, आणि तो सर्वांत वजनदार. समुद्र तापला, अन्न कमी झालं, अलास्कापासून खाली सगळीकडेच सॅमन घटला. मग धरणांना का धरता? २००८ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासाने तर असं दाखवलं की धरणं असलेल्या कोलंबियात आणि मुख्य प्रवाहावर धरण नसलेल्या कॅनडाच्या फ्रेझर नदीत उतरणाऱ्या पिल्लांचं जगण्याचं प्रमाण तुलनेत सारखंच आहे. हा अभ्यास मी टाकून देणार नाही. पण त्याने मोजला तो फक्त उतरतानाचा मृत्यू. वाटेत शिणून, उशीर होऊन, समुद्रात पोचल्यावर मरणारं पिल्लू त्या मोजणीत जिवंतच धरलं जातं. याहून चोख तुलना खुद्द त्याच खोऱ्यात आहे. ओरेगनमधली जॉन डे उपनदी कोलंबियाला मिळते ती वाटेवरच्या शेवटच्या तीन धरणांच्या वर. तिथल्या पिल्लांना तीनच धरणं ओलांडावी लागतात, स्नेकच्या पिल्लांना आठ. जॉन डेच्या खोऱ्यात शेती आहे, गुरं चरतात, उन्हाळ्यात पाणी तापतं. उलट स्नेकच्या माशांचं माहेर म्हणजे आयडाहोतल्या सॅमन नदीचं खोरं, ज्याचा मोठा भाग संरक्षित अरण्य आहे आणि पाणी स्फटिकासारखं. माहेराच्या गुणांवर निकाल लागला असता तर स्नेकचे मासे पुढे असायला हवे होते. प्रत्यक्षात जॉन डेच्या रानटी चिनूकचं परतीचं प्रमाण अनेक वर्षांत त्यांच्या तिपटी-चौपटीने राहिलं आहे. आणि दोघंही त्याच मुखातून त्याच समुद्रात जातात. समुद्र वाईट असेल तर तो दोघांनाही वाईट आहे. ही तुलना प्रयोगशाळेइतकी स्वच्छ नाही, हे कबूल. दोन उपनद्यांचे मासे म्हणजे एकाच घरातली जुळी मुलं नव्हेत. पण इतक्या वर्षांच्या नोंदींत फरकाची दिशा बदलत नाही, याला महत्त्व आहे. समुद्राच्या तापमानाची मूठ आपल्या हाती नाही. धरणाच्या दरवाजाची आहे.

शिकाऱ्यांचा आक्षेप मी पटकन आटोपतो. पक्षी पुष्कळ पिल्लं खातात, हे खरंच. कोलंबियाच्या मुखाशी राइस बेटावरच्या कॅस्पियन टर्न पक्ष्यांनी १९९८ मध्ये एक कोटीहून अधिक सॅमन पिल्लं खाल्ल्याचा अंदाज आहे. पण ते बेट मुळात गाळ उपसून टाकल्यामुळे तयार झालेलं आहे, आणि पाइकमिनोचं फावलं ते संथ पाण्यामुळे. पाइकमिनो पकडणाऱ्याला दर माशी बक्षीस द्यायची योजना १९९० च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. तिचा उपयोग होतो. मत्स्यबीज केंद्रांतून कोट्यवधी पिल्लं सोडून संख्या भरून काढणं हाही तोडगा म्हणून पुढे केला जातो. ती पिल्लंही त्याच वाटेने उतरतात आणि तोच कर भरतात. १९९२ मध्ये स्नेकच्या सॉकायपैकी एकच नर समुद्रापासून चौदाशे किलोमीटरवरच्या रेडफिश सरोवरात पोचला. त्या सुमारापासून तो वंश हौदांत पाळून टिकवला गेला आहे. हौदातली संख्या म्हणजे नदी बरी झाल्याची खूण नाही.

उरला आक्षेप विजेचा. तो माझ्याच घरातला आहे, म्हणून त्याला सौम्य उत्तर देण्याचा मोह होतो. खालच्या स्नेकवरच्या चार धरणांची स्थापित क्षमता ३,०३३ मेगावॅट आहे. नदीला पाणी असेल तसं चालून ती सरासरी हजार मेगावॅटच्या आतबाहेर देतात, तेही कोळसा न जाळता. शिवाय त्यांच्यामुळे लुइस्टनपर्यंत बार्ज येतात आणि गहू त्यांतून पोर्टलंडकडे जातो. हवामान बदलाच्या काळात अशी धरणं निकामी करा म्हणणं विचित्र वाटतं. पण कोणी सगळीच धरणं पाडा म्हणत नाही, निदान मी तरी नाही. ग्रँड कूलीसारख्या धरणाची साठवण आणि लवचीकता दुसरीकडून आणणं अवघड आहे. खालच्या स्नेकची चार धरणं वेगळी आहेत: साठवण जवळजवळ नाही, पूर नियंत्रण नाही, आणि पर्यायी विजेला व रेल्वेला किती खर्च येईल, हे आज बऱ्यापैकी मोजता येतं. वाहतुकीचा आणि विजेचा पर्याय आधी उभा करून मग त्यांचे मातीचे बांध काढावेत, काँक्रीट आहे तिथे राहू द्यावं, हा प्रस्ताव मला अभियंता म्हणून वाजवी वाटतो. चार धरणं कमी झाली की आठची चारच राहतात; ९२ टक्के चार वेळा गुणले तर ५१ च्या जागी ७२ उरतात, आणि दोनशेहून अधिक किलोमीटर पाणी पुन्हा वाहू लागतं. पर्यायी विजेच्या खर्चाला माझ्याकडे गोड शब्द नाहीत. तो वीजग्राहकांना आणि करदात्यांना द्यावा लागेल. मात्र आजवरचा खर्च दुसऱ्याच कोणी भरला, हेही नोंदवलं पाहिजे. १८५५ च्या करारांनी नेझ पर्स, यकामा, उमटिला आणि वॉर्म स्प्रिंग्स या आदिवासी जमातींचा त्यांच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क कायम ठेवला होता. त्यांतली सर्वांत मोठी जागा, सेलायलो धबधबा, १० मार्च १९५७ रोजी द डॅलसच्या फुगवट्यात काही तासांत बुडाली.

राजकारणाचं वारं सध्या उलटं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकार, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही राज्यं आणि या चार जमाती यांच्यात पर्यायी विजेची तयारी करण्याचा समझोता झाला होता. जून २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो रद्द केला. दुसरीकडे ओरेगनमधून कॅलिफोर्नियात उतरणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली. ती सगळी मिळून जेमतेम १६० मेगावॅटची, त्यामुळे स्नेकशी सरळ तुलना नको. पण त्याच ऑक्टोबरात, काम संपून काही आठवडे होतात न होतात तोच, शंभर वर्षांहून अधिक काळानंतर चिनूक त्या जागा ओलांडून ओरेगनमध्ये अंडी घालायला पोचले. चढणीचे मासे, अर्थात. त्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. उतरणीच्या पिल्लांची मोजणी हे अनेक वर्षांचं, कंटाळवाणं काम असतं.

हे वाचणाऱ्यांत कोणी जलविद्युतमध्ये काम करणारे असतील, कदाचित हिमालयातल्या एखाद्या नदीवर ओळीने आखलेल्या प्रकल्पांवर, तर त्यांना एक विनंती. पुरवठादाराकडून ‘मासेस्नेही टर्बाइन, ९८ टक्के सुरक्षित’ असा अहवाल टेबलावर येईल तेव्हा सहीआधी नकाशा उघडा, माशाच्या वाटेवरची धरणं मोजा आणि तो आकडा तितक्या वेळा स्वतःशीच गुणा. आठ धरणं असतील तर ८५ येतील. फुगवट्यांत गेलेले दिवस त्यात अजून धरायचेच आहेत.